जीबीएस झालाय म्हणतात: घरच्यांनी पहिल्या तासापासून काय करायचं

माझ्या धाकट्या भावाला जुलाब झाले, तीन दिवसांत थांबले आणि आम्ही ते विसरूनही गेलो. दहाएक दिवसांनी तो म्हणाला, तळपायांना मुंग्या येतायत. दुसऱ्या दिवशी जिना चढताना त्याला कठडा धरावा लागला. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी अशक्तपणा आहे म्हणून जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, त्यात आमचे दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याला खुर्चीतून उठता येईना. तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेलं आणि तिथे गिलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

तो आज चालतो, कामावर जातो. पण त्या आठवड्यात आम्ही सगळे घरचे त्याच्या पायांकडे बघत बसलो होतो. बोट हललं का, टाच उचलली का, एवढंच. बघायला हवं होतं त्याच्या श्वासाकडे. त्याचा आवाज बारीक होत चालला होता आणि आम्हाला वाटलं, बिचारा थकलाय. तुमच्यावर ही वेळ आली असेल तर हे तुम्हाला आधी माहीत असावं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याशी नीट बोलता यावं आणि वेळेवर योग्य प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी हे वाचा.

आधी आजार समजून घ्या, दोन मिनिटं लागतील

शरीरात जंतू शिरला की रोगप्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. कधी कधी त्या जंतूच्या बाहेरच्या आवरणाचा एखादा भाग आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखाच असतो. मग जंतू संपला तरी ती प्रतिपिंडं आपल्याच नसांवर जाऊन बसतात. याचं सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे जुलाब घडवणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू. त्याच्या आवरणावरची साखरेची साखळी आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. याशिवाय सायटोमेगॅलो, एपस्टीन-बार, हेपॅटायटिस ई आणि झिका हे विषाणू आणि मायकोप्लाझ्मा हा छातीचा संसर्ग करणारा जंतू यांच्यानंतरही जीबीएस होतो. साधारण दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकला-ताप झालेला असतो. उरलेल्यांना तसं काही आठवत नाही, म्हणून ‘आधी काही झालंच नव्हतं’ यावरून जीबीएस नाही असं ठरत नाही.

हल्ला दोन ठिकाणी होऊ शकतो. विजेच्या तारेवर जसं वेष्टण असतं तसं नसेवर मायलिनचं वेष्टण असतं. काहींमध्ये ते सोलवटतं, काहींमध्ये आतल्या तारेलाच इजा होते. हा फरक पुढे बरं व्हायला किती दिवस लागतील ते ठरवतो, म्हणून लक्षात ठेवा.

जीबीएस दरवर्षी लाखात एक-दोन जणांना होतो. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे भेटायला, हात धरायला, शेजारी बसायला काही हरकत नाही. ही गोष्ट नातेवाइकांना मुद्दाम सांगा. आमच्याकडे पहिले काही दिवस माणसं दारातूनच बघून जात होती, आणि ते भावाला दिसत होतं.

जाता जाता: १९१६ साली गिलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नाहीत, ही त्यांची नोंद आजही निदानाला उपयोगी पडते. नावातून स्ट्रोल तेवढे गळाले.

पायरी १: त्याच दिवशी रुग्णालय गाठा

मुंग्या किंवा कमजोरी दोन्ही पायांत साधारण सारखी आहे, तासागणिक किंवा दिवसागणिक वर चढतेय, काही आठवड्यांपूर्वी जुलाब किंवा ताप येऊन गेलाय, असं चित्र असेल तर उद्यावर टाकू नका. काहींची सुरुवात पाठीत किंवा मांड्यांत चमका मारणाऱ्या दुखण्याने होते आणि ते ‘पाठ भरली असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. लहान मुलं तर फक्त चालायला नकार देतात, पाय दुखतात म्हणून रडतात. क्वचित सुरुवात वरून होते: एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, पापण्या जड होणं. त्या प्रकाराला मिलर फिशर सिंड्रोम म्हणतात.

जवळच्या दवाखान्यात वेळ घालवण्यापेक्षा जिथे मेंदूविकारतज्ज्ञ, आयसीयू आणि व्हेंटिलेटर तिन्ही आहेत अशा ठिकाणी जा. आज रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आत गेला तरी परवा त्याला व्हेंटिलेटर लागू शकतो. बहुतेकांची कमजोरी दोन आठवड्यांच्या आत, आणि जवळजवळ सगळ्यांची चार आठवड्यांच्या आत तळ गाठते. त्या तळापर्यंतचा प्रवास कोणत्या वेगाने होईल हे आधी सांगता येत नाही.

निघण्यापूर्वी एका कागदावर तारखा लिहून घ्या: जुलाब किंवा ताप कधी आला, मुंग्या कधी सुरू झाल्या, शेवटचं विनाआधार कधी चालला, कोणती औषधं चालू आहेत, अलीकडे लस घेतली का. सुरुवातीपासून किती दिवसांत दाखल झाला, चेहऱ्याचे किंवा गिळण्याचे स्नायू कमजोर आहेत का आणि हातापायांत एकूण ताकद किती, या तीन गोष्टींवरून डॉक्टर पहिल्या आठवड्यात व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता मोजतात. यातली पहिली गोष्ट फक्त तुम्हीच सांगू शकता.

काही लक्षणं असतील तर ती आवर्जून सांगा, कारण ती दुसऱ्याच आजाराकडे बोट दाखवतात: कमजोरी सुरू होतानाच ताप असणं, लघवी अगदी सुरुवातीलाच अडणं, एकच बाजू लुळी पडणं, छाती-पोटावर एका ठरावीक रेषेखाली सगळं बधिर होणं. मज्जारज्जूवर दाब, रक्तातलं पोटॅशियम घटणं, मण्यारीचा दंश, बॉट्युलिझम, मायस्थेनिया यांतही माणूस असाच लुळा पडू शकतो, आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

थोडं थांबून: हा एकच आजार नाही

‘संसर्गानंतर प्रतिकारशक्ती मज्जासंस्थेवर उलटली’ हे वाक्य बऱ्याच आजारांना लागू पडतं. लहान मुलांमध्ये तापानंतर मेंदूला आणि मज्जारज्जूला सूज येते त्याला एडीईएम म्हणतात. त्यात मूल गुंगलेलं, चिडचिडं होतं, त्याला झटकेही येऊ शकतात. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा सुजल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातापायांच्या नाचऱ्या, आवरता न येणाऱ्या हालचाली सुरू होतात, तो सिडनहॅम कोरिया. हर्पीस विषाणूचा मेंदूज्वर बरा होत असताना अचानक वागणं बदलतं, भास होतात, तेव्हा मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या रेणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे मेंदूला सूज आलेली असू शकते, तो ऑटोइम्यून एन्सेफलायटिस.

हे सांगायचं कारण स्टिरॉइड. एडीईएममध्ये शिरेतून मोठ्या मात्रेचं स्टिरॉइड हा पहिला उपचार आहे, ऑटोइम्यून एन्सेफलायटिसमध्येही ते देतात. सिडनहॅम कोरियामध्ये हृदयाच्या झडपा तपासतात आणि पुढची कित्येक वर्षं पेनिसिलिन चालू ठेवतात. जीबीएसमध्ये मात्र स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. हे अनेक चाचण्यांत तपासलं गेलंय, आणि गोळ्यांच्या रूपात दिलेल्या स्टिरॉइडने तर बरं होणं लांबल्याचं दिसलंय. म्हणून एखाद्या नातेवाइकाने ‘आमच्या ओळखीच्या मुलाला स्टिरॉइडने तीन दिवसांत फरक पडला’ असं सांगितलं तर ते खरं असेलही, पण त्या मुलाचा आजार वेगळा असणार. इथून पुढचं सगळं जीबीएसबद्दल आहे.

पायरी २: श्वासावर पहारा

जीबीएसच्या दर चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाला व्हेंटिलेटर लागतो. छातीच्या पडद्याचे आणि बरगड्यांमधले स्नायू थकत जातात, पण फुप्फुसं चांगली असतात. त्यामुळे फसगत होते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर बराच वेळ ९७-९८ दाखवत राहतो. ऑक्सिजन घसरायला लागतो तो अगदी शेवटी. आम्ही त्या आकड्याकडे बघून निर्धास्त होतो, आणि त्याच रात्री भावाला आयसीयूत हलवावं लागलं.

मग बघायचं काय? आवाज बघा. बोलताना वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतोय का, आवाज नाकातून किंवा बारीक येतोय का. खोकला बघा: ठसका लागला तर जोर लावून खोकता येतं का, की नुसता ‘हूं’ होतो. पाणी पिताना ठसका लागतो का, लाळ तोंडात साठते का. आणि मान बघा. उताणं झोपून उशीवरून डोकं उचलता येत नसेल तर छातीच्या पडद्याचीही ताकद कमी होत असण्याची शक्यता मोठी, कारण दोन्हींच्या नसा मानेच्या जवळपास त्याच भागातून निघतात. उताणं झोपल्यावर जीव घाबरा होणं, उठून बसल्यावर बरं वाटणं, कपाळावर घाम, रात्रभर झोप न लागणं, हीसुद्धा धोक्याचीच चिन्हं.

एक सोपी चाचणी कुणालाही करता येते. रुग्णाला छाती भरून श्वास घ्यायला सांगा आणि त्या एकाच श्वासात, सेकंदाला साधारण दोन या वेगाने, मोठ्याने आकडे मोजायला सांगा. निरोगी मोठा माणूस चाळिसाच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो. तीन-चार तासांनी पुन्हा मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. सकाळी ३५, दुपारी २८, संध्याकाळी २१ अशी उतरण दिसली तर वीस व्हायची वाट बघू नका, सिस्टरांना सांगा. वीसच्या आत आला तर तेव्हाच्या तेव्हा डॉक्टर बोलवा.

रुग्णालयात हेच काम यंत्राने होतं. एका फुंकीत किती हवा बाहेर पडते ते मोजतात, आणि ती वजनाच्या दर किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली गेली तर नळी घालायचा विचार सुरू होतो. म्हणजे ६० किलोच्या माणसासाठी सुमारे १२०० मिलिलिटर. विचारा: ‘आज फुंकीचा आकडा किती आला? काल किती होता?’ एकट्या आकड्यापेक्षा उतरण महत्त्वाची.

व्हेंटिलेटर लावायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘शक्यतो नको, थांबू या.’ मला हा विचार समजतो, मी स्वतः तो केला होता. पण या आजारात व्हेंटिलेटर म्हणजे नसा सावरेपर्यंतचा आधार आहे, आणि तो घाईगर्दीत, श्वास अडकल्यावर लावण्यापेक्षा शांतपणे, दिवसाउजेडी लावलेला कधीही बरा. तो दोन आठवड्यांहून जास्त लागेल असं दिसलं तर गळ्याला छोटं छिद्र पाडून नळी बसवतात, तिला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण तोंडातल्या नळीपेक्षा रुग्णाला ती पुष्कळ सुसह्य होते आणि गरज संपल्यावर काढता येते.

पायरी ३: तपासण्या, आणि त्यांची वाट न बघणं

पाठीच्या मणक्यांमधून पाणी काढतात आणि नसांची विद्युत तपासणी (एनसीव्ही) करतात. पाण्यात प्रथिनं जास्त आणि पेशी कमी असं आलं तर निदानाला बळकटी मिळते. पण पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांची प्रथिनं सर्वसाधारणच असतात, एनसीव्हीही सुरुवातीला चांगला येऊ शकतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘जीबीएस नाही’ असा नाही. निदान मुख्यतः डॉक्टरांच्या हातातल्या छोट्या हातोडीवर होतं: गुडघ्याखाली मारली की पाय उडतो, तो उडेनासा होतो. आजार तसा स्पष्ट असेल तर डॉक्टर रिपोर्टांसाठी न थांबता उपचार सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

पायरी ४: औषध, एक की दुसरं

सिद्ध झालेले उपचार दोनच आहेत.

पहिला प्लाझ्मा एक्सचेंज. यंत्रातून रक्त फिरवून त्यातला पिवळा द्रव, ज्यात ती प्रतिपिंडं असतात, काढून टाकतात आणि त्याजागी अल्ब्युमिन किंवा दुसरा द्रव भरतात. एक-दोन आठवड्यांत चार-पाच वेळा करतात. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तो उपयोगी ठरला. दुसरा आयव्हीआयजी, म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं. १९९२ मध्ये डच डॉक्टरांनी दाखवलं की तो प्लाझ्मा एक्सचेंजइतकाच चांगला आहे. मात्रा वजनावर ठरते: दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम. हा हिशोब तुम्हीही करून बघा, आणि बाटल्यांवरचे आकडे त्याच्याशी पडताळा. वजन अंदाजाने लिहिलं गेलं असेल तर मात्राही अंदाजानेच जाते, म्हणून दाखल करतानाच खरं वजन सांगा.

कोणता चांगला? मोठ्या माणसांत दोन्हींचा परिणाम सारखा. आयव्हीआयजी देणं सोपं, म्हणून बहुतेक ठिकाणी, आणि लहान मुलांत तर विशेषकरून, तेच देतात. जिथे यंत्र आणि हात सरावलेले आहेत तिथे प्लाझ्मा एक्सचेंजही तितकंच भरवशाचं, शिवाय बरेचदा कमी खर्चाचं पडतं. ‘स्वस्त म्हणजे दुय्यम’ असं वाटून घेऊ नका. आणि ‘दोन्ही द्या, पैशांचं बघू’ असा हट्टही धरू नका. १९९७ मध्ये दोन्ही एकामागून एक देऊन पाहिलं तेव्हा एकट्या उपचारापेक्षा म्हणावा असा जास्त फायदा दिसला नाही. आयव्हीआयजी दिल्यावर लगेच प्लाझ्मा बदलला तर महागडं औषध धुऊन निघतं, हा तोटा वेगळाच.

वेळ मात्र महत्त्वाची. विनाआधार दहा मीटरही चालता येत नाही अशी अवस्था आली की उपचार सुरू करावेत, आयव्हीआयजी शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. त्याहून सौम्य आजार असला आणि वाढत नसला तर डॉक्टर नुसती देखरेखही ठेवतील. मिलर फिशर तर बहुधा आपोआप ओसरतो.

आयव्हीआयजीची बाटली चालू असताना थंडी वाजणं, ताप, डोकं दुखणं होतं. वेग कमी केला की बहुधा निवळतं. मान ताठ होऊन उजेड सहन न होणं, लघवी कमी होणं, एका पायाला सूज, छातीत दुखणं असं काही दिसलं तर लगेच सांगा, कारण क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज, मूत्रपिंडाला त्रास किंवा रक्ताच्या गुठळ्या होतात. एक गोष्ट आधी विचारून ठेवा: संसर्गाच्या आणि प्रतिपिंडांच्या रक्ततपासण्यांसाठी नमुना आयव्हीआयजीच्या आधी घेतला का? नंतर घेतलेल्या नमुन्यात दात्यांचीच प्रतिपिंडं दिसतात आणि रिपोर्ट दिशाभूल करतो. प्लाझ्मा एक्सचेंजच्या वेळी रक्तदाब उतरू शकतो, ओठांभोवती मुंग्या येतात. त्या मुंग्या कॅल्शियम घटल्याच्या असतात, आजार वाढल्याच्या नव्हेत.

पायरी ५: औषध संपलं, फरक नाही, आणि सगळे घाबरलेत

सगळ्यात कठीण दिवस हे. पाच दिवसांचा डोस पूर्ण होतो आणि माणूस तसाच पडलेला, कधी आणखी कमजोर. औषध होणारी इजा थांबवायला मदत करतं, झालेली इजा भरून काढत नाही. ती शरीर स्वतः भरतं, आणि त्याला आठवडे लागतात. या काळात दुसरा डोस द्या असा आग्रह घरचे धरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर रुग्णांना दुसरा डोस देऊन फायदा झाला नाही, उलट गुठळ्यांसारखे गंभीर दुष्परिणाम वाढले.

याला एक अपवाद आहे. आधी स्पष्ट सुधारणा झाली किंवा आजार स्थिरावला, आणि मग पहिल्या दोन महिन्यांत पुन्हा घसरण झाली, तर तो वेगळा प्रकार. साधारण दहातल्या एकाला असं होतं आणि त्यांना डॉक्टर पुन्हा उपचार देतात. अशी घसरण वारंवार होत राहिली, किंवा आठ आठवड्यांनंतरही आजार वाढत राहिला, तर तो सीआयडीपी नावाचा दीर्घकाळ चालणारा भाऊबंद असू शकतो. त्यात स्टिरॉइडचा उपयोग होतो, म्हणून हा फरक ओळखला जायला हवा.

पायरी ६: आयसीयूतले दिवस

रुग्णाला सगळं ऐकू येतं. हे शंभरदा सांगावंसं वाटतं. चेहरा हलत नाही, डोळे मिटत नाहीत, पण मेंदू पूर्ण जागा असतो. खाटेशेजारी उभं राहून खर्चाची, ‘वाचेल का’ची चर्चा करू नका. रोज सांगा: आज तारीख कोणती, वेळ काय, काल काय बरं झालं, आणि हा आजार उतरतो.

बोलणं बंद झालं तर अक्षरांचा तक्ता करा. आपल्या वर्णमालेची रचना इथे फार कामाला येते. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग आणि य पासूनची अक्षरं, अशा ओळी मोठ्या अक्षरांत लिहा. आधी ओळ विचारायची, मग ओळीतलं अक्षर. ‘हो’साठी एकदा पापणी, ‘नाही’साठी दोनदा, आणि पापणी मिटत नसेल तर डोळे वर-खाली. काना-मात्रा सोडून दिल्या तरी चालतं, व्यंजनांवरून शब्द कळतो. भावाने पहिला शब्द काढला तो ‘प-ठ’. पाठ दुखत होती, आणि तो दोन दिवस ते सांगायचा प्रयत्न करत होता.

दुखणं या आजारात पुष्कळ असतं, हे बाहेरून कळत नाही. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिनसारखी औषधं असतात. रोज विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

आपोआप चालणाऱ्या क्रियांच्या नसाही बिघडू शकतात. रक्तदाब एका तासात खूप चढतो आणि उतरतो, नाडी अचानक मंदावते, विशेषतः घशातला कफ यंत्राने ओढताना. म्हणून मॉनिटर सतत हवा, आणि ‘आता स्थिर आहे’ म्हणून घाईने साध्या वॉर्डात हलवण्याआधी रक्तदाब आणि नाडी खरंच स्थिरावलीय का, ते विचारा. पोट फुगतं, शौचाला होत नाही, तेही याच कारणाने.

बाकीची काळजी नेहमीचीच, पण ती चुकली तर महिने वाया जातात. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ आणि टाचा तपासणं, पोटऱ्यांत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन किंवा दाब देणारे मोजे, पावलं खाली लटकून आखडू नयेत म्हणून आधार. गिळता येत नसेल तर चमचाभर पाणीसुद्धा तोंडाने देऊ नका, नाकातल्या नळीतूनच जाऊ द्या. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर डोळ्यांत थेंब किंवा मलम घालून रात्री चिकटपट्टीने बंद करायला सांगा. बुबुळ कोरडं पडून जखम झाली तर नसा बऱ्या झाल्यावरही दृष्टीचं नुकसान राहतं.

पायरी ७: परतीची वाट

ताकद सहसा उलट क्रमाने परत येते: आधी वरचं, पाय शेवटी. वेष्टणाची इजा आठवड्या-महिन्यांत भरते. आतली तार तुटलेली असेल तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढते. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे वर्षभर किंवा त्याहूनही जास्त का लागतं ते कळेल. सहा महिन्यांनी दहातले जवळपास आठ जण विनाआधार चालतात. मृत्यू होतात, हेही खरं. निरनिराळ्या ठिकाणी ते साधारण ३ ते १० टक्क्यांच्या दरम्यान दिसले आहेत, आणि त्यातले बरेच श्वास, हृदयाचे ठोके आणि संसर्ग यांच्या गुंतागुंतीमुळे होतात.

फिजिओथेरपी आयसीयूतच सुरू होते. तेव्हा फक्त सांधे हलवणं असतं. पुढे बसणं, तोल सांभाळणं, उभं राहणं. इथे घरच्यांची एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहिलीय: ‘अजून दहा वेळा कर, तेवढी लवकर ताकद येईल.’ अर्धवट सावरलेले स्नायू दमवले तर उलट कमजोर पडतात. व्यायामानंतर थोड्या विश्रांतीने थकवा गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी हात-पाय जास्त जड वाटत असतील तर काल जास्त झालं, आज कमी करा.

थकवा मात्र ताकद आल्यावरही राहतो, बहुतेकांना महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षं. चालता येतंय, मग झोपून का राहतो, असं त्याला म्हणू नका. तो आळस नाही. कामावर परतताना सुरुवातीला अर्धा दिवस मागून घ्या. मनावरही ओझं असतं. व्हेंटिलेटरवरच्या रात्री स्वप्नात येतात, पुन्हा मुंग्या आल्या की छातीत धडकी भरते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेणं हा उपचाराचाच भाग समजा.

घरी आल्यावर जपून ठेवायचं

एका फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, पाण्याचा आणि एनसीव्हीचा रिपोर्ट, कोणता उपचार किती मात्रेत कोणत्या तारखांना दिला, आणि तुमची आकडे मोजल्याची वही ठेवा. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना जीबीएस झाल्याचं आधी सांगा. सक्सिनिलकोलिन नावाचं एक औषध अशा रुग्णांत पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढवू शकतं, म्हणून ते टाळतात.

लसींबद्दल विचारलं जातंच. जीबीएस होऊन गेला म्हणून सगळ्या लसी कायमच्या बंद, असं नाही. एखाद्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आतच आजार झाला असेल तर त्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलून ठरवा. मुलांना आयव्हीआयजी दिलं असेल तर गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी काही महिने पुढे ढकलाव्या लागतात, कारण दात्यांची प्रतिपिंडं लस निष्प्रभ करतात.

पुन्हा होण्याची शक्यता थोडी आहे, शंभरात दोन ते पाच. थकल्यावर, ताप आल्यावर जुन्या मुंग्या तात्पुरत्या जाग्या होतात, विश्रांतीने जातात. त्या गेल्या नाहीत, वर चढू लागल्या, जिना जड वाटू लागला किंवा एका श्वासातला आकडा घटला, तर फाइल घ्या आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा.